उशाची माती

एस.टी.तून मी खाली पाय ठेवला आणि समोर गंगूबाईच्या हातातल्या कपबशा खळकन फुटल्या. स्टँडवर तिचं चहाचं हॉटेल. रोज येता-जाता बोलणारी बाई, ती त्या दिवशी "अगं माय गं!" एवढंच म्हणाली आणि फळीच्या मागं जाऊन दडून बसली.

"हिला काय झालं?" मी आमच्या ह्यांना विचारलं.

"तुझ्या गळ्याची पट्टी बघून घाबरली असंल," हे म्हणाले, आणि पिशव्या सावरत चालू लागले.

माझ्या गळ्याला पांढरी पट्टी होती खरी. नगरच्या मोठ्या दवाखान्यात गळ्यातली गाठ काढून घेऊन मी परत येत होते. पण पट्टी बघून कुणी कपबशा फोडतं होय? पुढं पिंपळाच्या पारावर बसलेले म्हातारे मला बघून उभेच राहिले. एकानं टोपी काढली. आमच्या ख्रिस्ती वस्तीच्या तोंडाशी आले तर रडणं ऐकू आलं. चांगलं गळा काढून, तालावर चाललेलं रडणं, आणि तेही आमच्याच घरातून.

म्हटलं, झालं, सासरे गेले. दम्यानं आधीच बेजार होते बिचारे. मी पदर सावरला आणि उंबऱ्यात उभी राहिले. आत सतरंजी अंथरलेली, वस्तीतल्या झाडून साऱ्या बाया बसलेल्या, आणि मधोमध आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कपाळ बडवत होत्या.

"आत्याबाई," मी विचारलं, "कोण गेलं?"

रडणं चटकन थांबलं. आत्याबाईंनी वर बघितलं. मग हळूहळू उठल्या, माझ्याजवळ आल्या, माझे दोन्ही गाल चाचपले, हात दाबून बघितला. आणि काय सांगू, खाडकन एक थोबाडीत ठेवून दिली!

"तू जित्ती हायेस तर मग घंटा कायला वाजली?"

आता ही घंटेची भानगड सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचं चांदेवाडी लहान गाव. वस्तीच्या मधोमध दगडी चर्च, त्याला जुनी माणसं देऊळच म्हणत. देवळाला मोठी घंटा. ती भरभर वाजली की उपासना, नाहीतर काहीतरी आनंदाचं. आणि एकेक ठोका, मध्ये चांगला दम घेऊन, असा वाजला की कुणीतरी गेलं. मग कुणी काही विचारत बसत नसे. आमच्या कबरस्तानाची जमीन म्हणजे नुसता मुरूम, खाली खडक. कबर खणायला निम्मा दिवस जातो, आणि माती तर त्याच दिवशी द्यायची. म्हणून हळू घंटा ऐकली की बाप्ये हातातलं काम टाकून टिकाव-फावडी घेऊन निघत. बाया खणणाऱ्यांसाठी चहा करून किटल्या घेऊन मागोमाग जात. पिढ्यान् पिढ्या हे असंच.

त्या दिवशी सकाळी ह्यांनी नगरहून पोस्टात फोन केला होता. "ऑपरेशन झालं, सगळं ठीक आहे, दुपारच्या गाडीनं आणतो." पोस्टमास्तरांनी तो निरोप देवळाच्या हनोखबाबांना दिला आणि टपालाची थैली घेऊन ते दुसऱ्या वाडीला निघून गेले. हनोखबाबा म्हणजे आमच्या देवळाचे झाडलोट करणारे, दिवाबत्ती करणारे, घंटा वाजवणारे. म्हाताऱ्याला इतका आनंद झाला की धावत जाऊन घंटेचा दोर धरला. पण त्यांचा खांदा आखडलेला. एकदा दोर ओढला की कळ डोक्यात जायची, ती ओसरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा ठोका. अशी ती आनंदाची घंटा वाजली! आणि बाबा दोर बांधून, काठी घेऊन, पाळकसाहेबांना ही गोड बातमी सांगायला पायी टाकळीला गेले. पाळकसाहेब तिथं राहत.

मागं सगळ्या वस्तीनं हळू घंटा ऐकली. दवाखान्यात कोण होतं? शलोमी. म्हणजे मी. मग कोण गेलं? शलोमी. विचारायचं काय त्यात?

मी आत येऊन पाणी पीत होते तोवर अंगणात पावलं वाजली. चार-पाच गडी, अंगभर मुरमाची धूळ, खांद्यावर फावडी. सगळ्यात पुढं शमुवेल भालेराव. त्यानं माझ्याकडे पाठ असलेल्या ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जड आवाजात म्हणाला, "इमान, कबर तयार हाये. मंडळी कधी निघायची?"

मग त्याला मी दिसले. त्याचं तोंड उघडं ते उघडंच. शमुवेलचं आणि माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. त्याच्या शेळ्यांनी माझी शेवग्याची रोपं खाल्ली होती आणि मी त्याला सगळ्या वस्तीसमोर नको नको ते बोलले होते.

"चहा घेता का?" मी म्हणाले. दुसरं काय सुचणार?

पहिल्यांदा ह्यांना हसू फुटलं. मग एकेकाला. आत्याबाई तर हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या. तेवढ्यात पाळकसाहेबांच्या लुनाचा आवाज आला. मागं हनोखबाबा बसलेले, हातात झेंडूचा हार, तोंडभर हसू. "आली का गं माझी पोर?" म्हणत उतरले. सगळ्यांनी त्यांना एकदम असं काही घेरलं की बिचाऱ्यांना काय झालंय हेच कळेना. कळलं तेव्हा हार हातात तसाच धरून खाली बसले.

सगळे हसले. मीही हसले. पण खरं सांगते, माझं हसणं गळ्याच्या वरवरचं होतं.

मी नऊ वर्षांची असताना माझी आई बाळंतपणाला नगरला गेली आणि पेटीत बंद होऊन बैलगाडीतून परत आली. मी शाळेत पाढे म्हणत होते. हळू घंटा सुरू झाली. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पाढे थांबवले. तेव्हापासून ती घंटा माझ्या पोटात जाऊन बसली. माझं माहेर-सासर एकाच गावात, त्यामुळं सुटका नव्हती. लग्न होऊन दोन लेकरं झाली तरी हळू घंटा वाजली की मी मधल्या खोलीत जाऊन कानांवर उशी दाबून बसायची. कुणाच्या मातीला गेले नाही, किटली घेऊन गेले नाही, आईच्या कबरीवर फूलसुद्धा ठेवलं नाही. लोक म्हणायचे, शलोमी फटकळ आहे, कुणाला भीत नाही. त्यांना काय ठाऊक!

आणि माझं दुखणं संपलं नव्हतं. डॉक्टरांनी गाठीची एकच बाजू काढली होती. दुसरी महिन्यानं काढायची, नाहीतर वाढत जाऊन श्वास कोंडेल, असं त्यांनी मला आणि ह्यांना समोर बसवून सांगितलं होतं. एस.टी.त मी ह्यांना म्हणाले होते, "मी आता परत नगरला जायची नाही. कोंडू दे श्वास." हे खिडकीबाहेर बघत राहिले.

आणि आता गावात माझ्या नावाची कबर खणून तयार.

फावडी उचलून गडी ती बुजवायला निघाले तर आत्याबाई आडव्या आल्या. "रिकामी बुजवायची नाय! उघडलेली कबर रिकामी ऱ्हायली तर ती माणूस मागती. आधी त्यात कोहळा पुरा."

"मार्थाबाई," पाळकसाहेब म्हणाले, "इतकी वर्षं देवळात पहिल्या रांगेत बसता तुम्ही. कोहळ्याची भाजी करा आणि आम्हाला वाढा."

"तुमाला हसायला काय जातंय साहेब? सून माझी हाये."

गडी चुळबुळत उभे. देवळात सगळेच बसत, पण रिकामी कबर बुजवायला पहिलं फावडं घालायला कुणी पुढं होईना. शेवटी पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "जिची आहे तिलाच विचारू. शलोमीबाई, तुम्ही सांगाल तेव्हा आणि तुम्ही सांगाल तसं करू."

मी आत गेले आणि दार लोटून घेतलं.

कबर उघडीच राहिली. शमुवेलनं शेळ्या-गुरं पडू नयेत म्हणून तिच्यावर पत्रा टाकला, वर दगड ठेवले. इकडं माझं खाणं सुटलं. भाकरी थापताना, पाणी भरताना, लेकरांच्या वेण्या घालताना तो पत्रा माझ्या डोळ्यांसमोर. आत्याबाईंचं बोलणं डोक्यातून जाईना. ती माणूस मागते. ऑपरेशनला गेले तर तिकडं मरेन, नाही गेले तर इथं मरेन, आणि जागा तर तयारच आहे. मी प्रार्थना करायला बसायची आणि शब्दच फुटायचे नाहीत. ह्यांनी एकदा भीत भीत दवाखान्याची तारीख काढली तर मी हातातलं ताट भिंतीवर मारलं.

मग एका सकाळी हनोखबाबा दारात आले. आत येईनात. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "पोरी, माझ्या खांद्यानं तुझा घात केला. मला क्षमा कर."

"तुमच्या खांद्यानं कशाचा घात?" मी खेकसले. "मी आधीपासनंच मेलेली आहे."

बाबांनी काठी भिंतीला टेकवली. मग तिथंच पायरीवर बसले. मीही बसले. का कुणास ठाऊक, ह्यांना जे कधी सांगितलं नाही ते त्यांना सांगितलं. पाढे, बाईंचं बघणं, कानांवरची उशी, सगळं.

"तुम्हाला भीती नाही वाटत बाबा? तुम्हीच तर वाजवता ती."

"वाटायची," बाबा म्हणाले. "लई वाटायची. माझा थोरला विहिरीत गेला तवा त्याची घंटा मीच वाजवली. दुसरं कोण वाजवणार? पयला ठोका दिला आन् हात उचलंना. म्हनलं, प्रभू, ह्या माझ्या लेकराला मी त्या खड्ड्यात एकटं कसं सोडू? लई रडलो. मग आपसूक मनात आलं, आरं हनोख, एकटं कुठं? प्रभूला न्हाई का मारून कबरीत ठेवला? तीबी दुसऱ्याची कबर. तो तिथं झोपला आन् तिथनं उठून आला. म्हंजी आपुन जिथं जायचं तिथं तो आदीच जाऊन आलाय. तिथली वाट त्याला ठाऊक हाये. मग हात उचलला गेला, पोरी. रडू न्हाई थांबलं, पण भ्या गेलं."

हे मी देवळात शंभरदा ऐकलं होतं. दर ईस्टरला ऐकलं होतं, गाणी म्हटली होती. पण त्या दिवशी पायरीवर, बाबांच्या वाकड्या खांद्याकडे बघत ते ऐकलं आणि पहिल्यांदा मला वाटलं, अरेच्चा, हे खरंच असलं तर?

मी उठले. "चला."

"कुठं?"

"कबर माझी आहे ना? बघू तरी कशी केलीय ती."

बाबा घाबरून नको नको म्हणत होते, पण मी कुणाचं ऐकते थोडीच! कबरस्तान वस्तीच्या मागं, निंबाच्या झाडांखाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या फाटकातून आत गेले. शेजारच्या वावरात शमुवेल शेळ्या राखत होता, तो आम्हाला बघून धावत आला. मी त्याला पत्रा काढायला सांगितला. त्यानं बाबांकडे बघितलं, बाबांनी मान हलवली, त्यानं पत्रा सरकवला.

कडेला अजून शिडी होती. मी पदर खोचला आणि उतरले.

आत गार होतं. बाहेर ऊन तापलेलं आणि आत माठाजवळ बसल्यासारखा गारवा. मुरमाच्या भिंती सरळ, नीट तासलेल्या. टिकावाच्या खुणा दिसत होत्या, एका जागी खडक लागलेला, तिथं छिन्नीनं फोडलेला. किती राबले होते बिचारे! मी खाली बघितलं. सगळ्या तळाला खडेच खडे. पण एका टोकाला, डोकं येतं तिथं, बारीक मऊ माती पसरलेली होती. हाताच्या जाडीची, पिठासारखी चाळलेली. वरून हातानं सारखी केलेली, मधे जरासा खळगा.

"हे काय केलंय?" मी खालूनच विचारलं.

वरून दोघं वाकून बघू लागले.

"शमुवेल, हे काय आहे?"

"ते..." शमुवेल अवघडून म्हणाला, "तुमच्या मानंला ऑपरेशन झालं होतं ना. खडे टोचतील म्हनलं. म्हनून उशाला चाळून टाकली."

"पेटीतून टोचतात होय खडे?"

"तसं न्हाई... पण मला आपलं वाटलं."

बाई गं! ज्याला मी वस्तीसमोर नको ते बोलले, त्या माणसानं घरून पिठाची चाळण आणून माझ्या मेलेल्या मानेसाठी माती चाळली होती. मी तिथंच खाली बसले आणि ढसाढसा रडले. आई गेल्यापासनं अशी रडले नव्हते. रडता रडता त्या मऊ मातीवर हात ठेवला. नऊ वर्षांच्या पोरीच्या मनात तो काळा खड्डा होता, आई त्यात एकटी गेलेली. आणि इथं तर कुणीतरी आधी येऊन जागा करून ठेवली होती. जर शमुवेलला माझी एवढी काळजी, तर जो ह्या वाटेनं स्वतः जाऊन आला, त्याला किती असेल? माझ्या आईच्या उशालाही त्यानं असंच काही केलं नसेल का?

"प्रभू येशू," मी म्हणाले, "तू इथं आलेला आहेस. मी उगाच भीत होते." एवढीच प्रार्थना झाली. शब्द फुटले हेच पुष्कळ. आणि छातीवर इतकी वर्षं जे ओझं होतं ते उतरलं. कसं ते मला आजही सांगता येत नाही. मोकळा श्वास आला, गाठ असून आला.

मी वर चढले. बाबांना विचारलं, "माझ्या आईची कुठली?" त्यांनी बोटानं दाखवली. चार पावलांवर होती. मी जाऊन तिच्यापाशी बसले, वाळकी पानं काढली. शमुवेल पत्रा ओढायला लागला तेव्हा म्हणाले, "पत्रा टाक, पण बुजवू नको अजून. मी नगरहून आले की बघू."

"आन् नाय आलात तर?" शमुवेल बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"मग तुझी मेहनत वाया जाणार नाही," मी म्हणाले. मला हसू आलं, आणि ते आतून आलं.

घरी आल्यावर ह्यांना म्हणाले, "तारीख कुठली दिलीय? पिशवी भरा." ह्यांनी आधी पिशवी काढली, मग तारीख सांगितली. ऑपरेशनला नेताना नर्सनं विचारलं, भीती वाटते का? मी म्हटलं, दुखेल याची वाटते, बाकी नाही. आणि ते खरं होतं.

परत आले ती त्याच दुपारच्या गाडीनं. गंगूबाईनं या खेपेला कपबशा जपून खाली ठेवल्या. मी घरी गेले नाही. पिशवी ह्यांच्या हातात दिली, तडक देवळात गेले आणि घंटेचा दोर धरला. ज्या घंटेला जन्मभर भ्याले ती मी भरभर, भरभर वाजवली, तळहात लाल होईपर्यंत. हनोखबाबा बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते, एकच हात मांडीवर मारत, कारण दुसरा वर होत नव्हता. आणि बाहेर बघते तर काय, सगळे बाप्ये पळत येतायत आणि प्रत्येकाच्या खांद्यावर फावडं!

"आता कोण गेलं?" मी दरडावलं.

"कोण न्हाई," शमुवेल हसत म्हणाला. "बुजवायला आलोय."

गाणं म्हणत आम्ही सगळे कबरस्तानात गेलो. पहिली मूठ माती मी टाकली, दुसरी आत्याबाईंनी. त्यांनी पदराखाली कोहळा आणला होता, मी बघितला, पण त्यांनी तो काही बाहेर काढला नाही. संध्याकाळी आम्ही त्याची भाजी खाल्ली. पाळकसाहेबांना दोनदा वाढली.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. हनोखबाबा गेले, आत्याबाई गेल्या, मागल्या साली शमुवेलही गेला. घंटा अजून तशीच वाजते. हळू वाजली की मी हातातलं काम टाकते, चहा टाकते, किटली भरते आणि सगळ्यांच्या आधी फाटकातून आत जाते. पोरं खणत असतात, घाम पुसत चहा पितात. माझ्या पिशवीत पिठाची चाळण असते. खणून झालं की मी त्यांना म्हणते, व्हा रे बाजूला जरा. आणि उशाची माती मी स्वतः चाळते.